वेंगुर्ल्याचे मिशन रुग्णालय : सेवा आणि तिचे कथन

सेवा ही धर्मप्रसाराची पूर्वपीठिका, या गृहीतावर मिशनकार्याचे मूल्यमापन करण्याचा प्रघात आहे. वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक रुग्णालयाबाबत ते गृहीत थिटे पडते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. गोहीन यांनी तेथे लौकिक मिळवला. जिल्हा मात्र हिंदूबहुलच राहिला. येथील बहुसंख्य ख्रिस्ती गोव्याशी नाते सांगणारे कॅथलिक. २००५ मध्ये स्थापन झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत त्यांचा.

खरी उणीव कथनात आहे. मिशनचे अहवाल इंग्रजीत, अमेरिकेतील देणगीदारांसाठी लिहिले जात. मालवणीत दुखणे सांगणारा रुग्ण त्यांत बहुधा आकडा होऊन येतो. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त मिशनशी आलेला संबंध घरातून, प्रसंगी विनोदानेही, पाहिला गेला आहे. वेंगुर्ल्याच्या एखाद्या रुग्णाने तसे लिहिले असते, तर ही सेवा त्याला उपकार वाटली की हक्क, हे निदान विचारता तरी आले असते.