दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा आणि कृत्रिम गुरुत्वाकर्षण : एक औचित्यविचार

मोर्शीच्या बागेत देठापासून सुटलेले संत्रे सरळ खाली पडते, हे कळावयास कोणास शास्त्राध्ययन करावे लागत नाही. परंतु तेच संत्रे अंतराळयानात एखाद्या पात्राच्या हातून सुटले, तर ते कोठे पडेल? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लेखकास आपण कल्पिलेल्या यानाची घडण पुरती ठाऊक असावी लागते. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांत हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. प्रस्तुत टिपणात या उपेक्षेचा विचार वाङ्मयीन दोष म्हणून करावयाचा आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. असंभाव्य गोष्ट गृहीत धरण्याचा अधिकार लेखकास आहे. तो नाकारला तर विज्ञानकथाच उरणार नाही. परंतु गृहीताचे परिणाम टाळण्याचा अधिकार त्यास नाही. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्यास काव्याचे जीवित मानले. विज्ञानकथेपुरते बोलावयाचे, तर गृहीत व परिणाम यांची सुसंगती हेच तिचे औचित्य होय.

१९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील पात्रे यानात जमिनीवर चालावे तशी चालतात. आपल्याकडे दूरदर्शनवर आलेल्या ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि १९९८ मधील ‘कॅप्टन व्योम’ या हिंदी मालिकांनीही तीच वहिवाट पुढे चालविली. याचे कारण उघड आहे. चित्रीकरण पृथ्वीवर होते आणि नटांना प्रत्येक प्रसंगी अधांतरी तरंगविणे खर्चाचे असते. सोयीने आलेल्या या गोष्टीस पुढे यंत्राचा आधार देण्यात आला : यानाच्या तळाशी गुरुत्वाकर्षण निर्माण करणारे फलक आहेत, असे सांगितले गेले.

ठीक, फलक मान्य करू. पण मग वरच्या मजल्याचा फलक खालच्या मजल्यावरील माणसास छताकडे का ओढीत नाही? शत्रूच्या माऱ्याने दिवे विझतात, हवा निसटते, शस्त्रे निकामी होतात. परंतु गुरुत्वाकर्षण मात्र बहुधा अबाधित राहते. ते बंद पडणे ही केवढी नाट्यमय घटना ठरू शकते, हे याच मालिकेवरून निघालेल्या १९९१ च्या ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ या चित्रपटाने दाखविले. त्यात आक्रमणानंतर एका यानातील गुरुत्वाकर्षण नाहीसे होते आणि कथानकास त्यातूनच गती मिळते. परिणाम स्वीकारल्याने कथा दुबळी होत नाही, उलट समृद्ध होते, याचा हा पुरावा होय.

ज्ञात भौतिकशास्त्रास मान्य असा मार्ग परिवलनाचा आहे. वऱ्हाडातील जत्रांत ‘मौत का कुआँ’ पाहिलेल्यास तो समजावून सांगावा लागत नाही. विहिरीच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल पुरेशा वेगाने फिरू लागली, की भिंत हीच तिची जमीन होते. फिरत्या यानात कडेची भिंत याच न्यायाने जमीन ठरते. १९९४ ते १९९८ या काळातील ‘बॅबिलॉन ५’ मालिकेने आपले स्थानक असेच फिरते कल्पिले होते.

मात्र येथेही हिशेब चुकत नाही. माणसास भोवळ येऊ नये म्हणून परिवलन मिनिटास सुमारे २ फेऱ्यांपेक्षा अधिक नसावे, असे सामान्यतः मानतात. या गतीने पृथ्वीइतके वजन भासावयाचे, तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. त्रिज्या १० मीटरच ठेवली, तर मिनिटास साडेनऊ फेऱ्या घ्याव्या लागतील. तेथे उभ्या माणसाच्या डोक्यापाशी पायांच्या मानाने सुमारे एकषष्ठांश ओढ कमी असेल, आणि दीड मीटर उंचीवरून सुटलेले संत्रे पायाशी न पडता परिवलनाच्या उलट दिशेस सुमारे ६५ सेंटिमीटर दूर पडेल. लहानशा फिरत्या यानात पात्रे निश्चिंतपणे चेंडू झेलताना दिसली, की तेथे औचित्यभंग झाला असे समजावे.

२०१५ ते २०२२ या काळातील ‘द एक्स्पान्स’ या मालिकेचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. यानाचे मजले इंजिनाच्या जोराच्या दिशेत एकावर एक रचावेत आणि त्वरणानेच वजन भासावे, ही तिची योजना निर्दोष आहे. परंतु तिच्यात सीरिस हा लघुग्रह फिरवून तेथे पृथ्वीच्या तीन दशांशांइतके गुरुत्व आणले आहे, आणि पेल्यात ओतलेले मद्य वाकडे पडताना दाखविले आहे. सीरिसची त्रिज्या सुमारे ४७० किलोमीटर आहे. एवढ्या गुरुत्वासाठी त्यास सुमारे ४० मिनिटांत एक फेरी पुरेशी होईल; इतक्या मंद परिवलनात वीतभर उंचीवरून पडणारी धार मिलिमीटरच्या दशांशाइतकीच ढळेल. शिवाय सीरिसचे स्वतःचे गुरुत्व या ओढीच्या दशांशाएवढेच असल्याने त्याचा पृष्ठभागच उधळून जाईल. म्हणजे जेथे धार वाकावयास नको तेथे ती वाकविली आहे. येथे अज्ञान नाही. विज्ञानाचा अलंकार म्हणून केलेला वापर आहे, आणि समीक्षकाने तो अधिक कठोरपणे तपासला पाहिजे.

प्रेक्षकास करमणूक हवी, गणित नको, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु मराठी विज्ञानकथेचा अनुभव निराळा आहे. जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने आली आणि पारितोषिकास पात्र ठरली. तेथे शास्त्रज्ञाच्या लेखणीने रंजकतेस बाध आणला नाही. दुसरे असे, की तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यास अंतराळाचे पहिले दर्शन पुष्कळदा पडद्यावरच होते. १९८४ मध्ये राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांस तरंगताना पाहून ‘तेथे गुरुत्वाकर्षण नाही’ असाच त्याचा समज होतो. वस्तुतः ४०० किलोमीटर उंचीवर ते भूपृष्ठावरील गुरुत्वाच्या सुमारे नऊदशांश असते. यान व प्रवासी एकत्रच पडत असल्याने वजन भासत नाही. जी कथा फलकाचे कारण न सांगता पात्रांना चालविते, ती या गैरसमजास दुसऱ्या बाजूने बळ देते : गुरुत्व हे यंत्राची कळ दाबून लावावयाचे किंवा विझवावयाचे आहे, असे ती सुचविते.

म्हणून अशा मालिकांचे परीक्षण करताना अभ्यासकाने ‘हे शक्य आहे काय?’ असे विचारून थांबू नये. ‘हे शक्य मानले, तर आणखी काय घडले पाहिजे, आणि ते येथे घडते काय?’ असे विचारावे. यानातील संत्रे कोठे पडते, हे ज्या लेखकास ठाऊक आहे, त्याच्या उरलेल्या कल्पनांवर वाचकाने विश्वास ठेवण्यास हरकत नाही.