बीज कीं क्षेत्र? : कंपवाताच्या एका शोधकथेचें परीक्षण

वैद्यकावरील ग्रंथ कादंबरीप्रमाणें एका बैठकींत वाचून व्हावा, असा योग क्वचितच येतो. अमेरिकेंतील मज्जातंतुविशारद डॉ. विल्यम लँग्स्टन यांनीं जॉन पाल्फ्रमन या वृत्तकाराच्या सहकार्यानें लिहिलेला ‘द केस ऑफ द फ्रोझन ॲडिक्ट्स’ हा १९९५ सालचा ग्रंथ अशांपैकीं एक होय. परंतु ज्या गुणामुळें तो वाचकास खिळवून ठेवतो, त्याच गुणामुळें तो त्यास थोडासा फसवितोहि, असें आमचें मत आहे. आणि तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

कथा थोडक्यांत अशी. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत सॅन होझेच्या परिसरांतील कांहीं व्यसनी माणसें एकाएकीं पुतळ्यासारखीं ताठ झालीं. शुद्ध शाबूत, पण बोलतां येईना, हालतां येईना. वृद्धांस होणारा कंपवात, तोहि पराकोटीचा, या तरुण व मध्यम वयाच्या माणसांस दोन-चार दिवसांत कसा जडला? अशीं सात माणसें सांपडलीं. चोरटेपणानें हेरॉईनसारखा पदार्थ बनवितांना कोणाच्या तरी हातून रसायनक्रिया चुकली होती व त्या मालांत एमपीटीपी नांवाचें द्रव्य उतरलें होतें. हें द्रव्य स्वतः निरुपद्रवी आहे. मेंदूंतीलच एक पाचकद्रव्य त्याचें विषांत रूपांतर करतें. तें विष मग डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींत डोपामिनच्याच दारानें शिरतें व त्यांचें शक्त्युत्पादन बंद पाडतें. शत्रु बाहेरचा खरा, पण त्याच्या हातांत तलवार देणारा घरचाच!

येथवर ग्रंथकारांच्या कौशल्यास नांवें ठेवण्यास जागा नाहीं. पण शोधकथेची एक अट असते. तिला शेवटीं एक गुन्हेगार लागतो. तो येथें इतका ठसठशीत मिळाला आहे कीं, पुस्तक मिटतांना वाचकाची समजूत होते, कंपवात म्हणजे बाहेरून आलेलें विष. तें हुडकून काढलें कीं झालें. आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या भाषेंत बोलावयाचें तर सारा दोष क्षेत्राचा, बीजाचा कांहींच नाहीं.

वस्तुतः बीजाची साक्ष याच कथेंत दडलेली आहे. १९७६ सालीं मेरीलँडमधील एका विद्यार्थ्यानें हेंच विष अजाणतां स्वतःस टोंचून घेतलें होतें. त्याची हकीकत १९७९ सालीं प्रसिद्धहि झाली. तरी मूळ गुन्हेगार तेव्हां हातीं लागला नाहीं, कारण परीक्षा उंदरांच्या मोठ्या जातीवर, म्हणजे घुशीसारख्या ‘रॅट’वर झाली आणि ते प्राणी कांहीं काळ सुस्तावून पुन्हां हुंदडूं लागले. माकडांवर तोच प्रयोग केला तेव्हां माकडें गोठलीं. पुढें लहान उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर प्रयोग झाले. काळ्या उंदरांच्या एका वंशाच्या पेशी भराभर मेल्या. त्याच विषानें दुसऱ्या कांहीं वंशांचें फारसें बिघडलें नाहीं. विष तेंच; फरक केला तो वंशानें. शोधकथेंत रॅटचा प्रसंग वाटेंतील अडथळा ठरतो. आमच्या मतें तोच सर्वांत बोलका साक्षीदार आहे.

ग्रंथकारांस सर्वस्वीं दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. आल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाच्या जनुकांतील दोष एका इटालियन घराण्यांत सांपडला तो १९९७ सालीं, म्हणजे ग्रंथानंतर. शिवाय डॉ. लँग्स्टन ज्या संशोधकगटांत होते त्यानेंच १९९९ सालीं या कथेस आवश्यक ती पुरवणी जोडली. महायुद्धांत सैन्यांत असलेल्या जवळजवळ २० हजार जुळ्या पुरुषांची त्यांनीं पाहणी केली. एकबीज जुळ्यांत एकास कंपवात असतां दुसऱ्यासहि तो असल्याचें प्रमाण शेंकडा १५ च्या आसपास भरलें. द्विबीज जुळ्यांत तें ११. अंतर नगण्य! पण पन्नाशीच्या आंत ज्यांस रोग जडला अशा एकबीज जुळ्यांच्या ज्या चार जोड्या होत्या, त्या चारहि जोड्यांत दोघेहि भाऊ रोगी निघाले. संख्या लहान आहे, हें खरें. तरी तिनें सुचविलेली दिशा पुढील संशोधनानें खोटी ठरविलेली नाहीं.

त्याहून मार्मिक गोष्ट २०१२ सालची. पॅराक्वाट हें तणनाशक आपल्याकडील शेतकऱ्यांसहि अपरिचित नाहीं. घडणींत तें सॅन होझेच्या विषाचें भावंड शोभेल. अमेरिकेंतील फवारणी करणाऱ्या माणसांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, विषाचा निचरा करणारें जीएसटीटी-१ हें जनुक ज्यांच्या ठायीं आहे, त्यांच्या बाबतींत पॅराक्वाटमुळें धोका जेमतेम दीडपट. ज्यांच्या ठायीं तें मुळींच नाहीं, त्यांच्या बाबतींत सुमारें अकरापट. या जनुकाच्या अभावीं माणूस आजारी नसतो. फवाऱ्याची व त्याची गांठ पडेपर्यंत ती उणीव झांकलेलीच राहते. मग दोष कोणाच्या पदरीं घालावा? बीज आणि क्षेत्र यांची येथें बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. वडिलांचा हात थरथरूं लागला कीं आपल्या घरांतून काय होतें, हें पाहिलें म्हणजे त्याचें मोल कळतें. मुलीला पाहावयास मंडळी यावयाचीं असलीं कीं वडिलांस आंतल्या खोलींत बसविण्यांत येतें. ‘घराण्यांत रोग आहे’ हे शब्द बाहेर जाऊं नयेत म्हणून औषधाची बाटलीहि लपविली जाते. उतारवयांत येणाऱ्या कंपवाताच्या बाबतींत ही लपवाछपवी बहुतांशीं निराधार आहे. सारें बीज एक असलेल्या भावासहि तपासणीच्या वेळीं बहुधा तो नव्हता, हें वरच्या आंकड्यांवरून दिसेलच. हंटिंग्टनच्या रोगाची गोष्ट वेगळी. तेथें दोष आईबापांपैकीं एकाकडून अपत्याकडे येण्याचा संभव निम्मा असतो. कंपवात बहुधा त्या जातीचा नव्हे. एलआरआरके-२ या जनुकांतील दोष घेऊन जन्मलेलीं कित्येक माणसें म्हातारपणापर्यंत धडधाकट राहतात.

ग्रंथाची भाषा सोपी आहे आणि रोग्यांचें चित्रण सहृदय आहे. कोणी हौशी लेखकानें तो मराठींत आणल्यास आम्हांस आनंदच वाटेल. मात्र त्यानें जुळ्या भावांवरचें व फवारणीवरचें एकेक प्रकरण शेवटीं जोडावें आणि रॅटचा प्रसंग एका परिच्छेदांत उरकूं नये.