थापटणं आणि नवा गडी

गोष्ट एवढीशी आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई आणि पंढरीचा नामदेव. मुक्ताईचं लक्ष बाजूला पडलेल्या थापटण्याकडं जातं. हे काय, ती विचारते. काका सांगतात, यानं मडकी थापटतो, कच्चं कोणतं आणि पक्कं कोणतं ते कळतं. मग आम्हीही मडकीच की, आम्हालाही बघा थापटून, मुक्ताई म्हणते. काका उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प. नामदेवाची पाळी येते आणि तो कळवळतो, चिडतो. काका निकाल देतात: एवढं एक मडकं कच्चं.

नामदेवांच्या गाथेत हा प्रसंग आहे, महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या ‘भक्तविजया’तल्या गोरोबा-नामदेवांमुळं तो घरोघर गेला, आणि तेरमध्ये तर तो पुस्तकात वाचावाच लागत नाही. पाळण्यातल्या पोराच्या कानावरून तो गेलेला असतो. त्यामुळंच तो नीट ऐकला जात नाही. गर्वाचं घर खाली, असा अर्थ लावून आपण मोकळे होतो. मलाही तो नव्यानं ऐकू आला तो फुटबॉलमुळं, म्हणजे भाच्याच्या फोनमुळं.

हा पोरगा गावाकडं एकटाच पाच-सहा जणांना चकवत जायचा आणि गोल मारून यायचा. खरं तर आमचा जिल्हा खो-खोचा. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे इथलीच. तिथं हा फुटबॉलचं वेड घेऊन बसला, आणि पुण्यातल्या एका तगड्या क्लबनं त्याला उचललंही. आठ दिवसांनी फोन आला. ‘मामा, रोज मलाच मधी उभं करायलेत.’

मधी म्हणजे कुठं, ते त्यानं समजावलं. सरावाच्या सुरुवातीला आठ-नऊ जण गोल करून उभे राहतात. एका स्पर्शात चेंडू इकडून तिकडं. आत एक-दोघं, त्यांनी तो अडवायचा. याला ‘रोंडो’ म्हणतात. ज्याचा पास चुकेल तो आत जातो, असा नियम. पण नव्या गड्याला नियम लागत नाही, तो आतच असतो. त्याच्या पायांमधून चेंडू काढला की सगळे ओरडतात. काही क्लबांत तर पहिल्या जेवणाच्या रात्री नव्याला खुर्चीवर उभं करून गाणं म्हणायला लावतात. कितीला विकत घेतला, मागच्या क्लबात किती गोल मारले, हे खुर्चीवर चढताना खालीच ठेवावं लागतं.

‘मग तू काय करतोस?’

‘चिडतो.’

मी हसलो, आणि हसता हसता ते थापटणं आठवलं.

आता गोष्टीकडं वळू. पहिली अडायची जागा म्हणजे ते अवजारच. उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात माठ घेणारी बाई बघा. ती वाकते, बोटाचं पेर दुमडते आणि माठाच्या पोटावर टिचकी मारते. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर खाली ठेवून पुढच्या माठाकडं. पक्क्याकच्च्याची परीक्षा ही अशी, बोटाची. थापटणं हे परीक्षेचं अवजार नाहीच. चाकावरून उतरलेलं भांडं जाड, बसकं असतं. ते जरासं सुकलं की कुंभार एका हातानं आतून दगडी गोळा धरतो आणि दुसऱ्या हातानं बाहेरून लाकडी थापटणं मारत राहतो. भिंत पातळ होत जाते, पोट फुगत जातं, मडक्याला मडक्याचा आकार येतो. हे सगळं आव्यात जायच्या आधी. भाजलेल्या मडक्यावर कोणी थापटणं चालवलं तर हातात खापऱ्या येतील.

म्हणजे काकांनी मुक्ताईला दिलेलं उत्तर कुंभाराचं म्हणून जरा तिरपंच आहे. एक तर गोष्ट सांगणाऱ्याला कुंभारकाम ठाऊक नव्हतं, नाहीतर फारच चांगलं ठाऊक होतं. मी दुसरं धरतो. कारण तसं धरलं की सगळा प्रसंग उलटा होतो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांच्या डोक्यावर बसलेली थापटी ही नुसती चाचणी. ती त्यांना काही करू शकत नाही. थापटण्याचा जो खरा उपयोग, तो त्या ओळीत फक्त एकावर होऊ शकतो. काका नामदेवाला तपासत नाहीत, घडवायला घेतात. नामदेव ओरडला तो परीक्षेत नापास झाल्यामुळं, असं आपण समजतो. तो ओरडला कारण काम सुरू झालं होतं.

आणि कुंभाराच्या तोंडी ‘कच्चं’ ही शिवीही नाही. कच्चं मडकं बिघडलं तर भिजवून पुन्हा मातीत घेता येतं. पक्क्याला ती सोय नाही. ते फुटलं की खापरच. तेरच्या पांढरीवर पावसाळ्यानंतर हिंडलं तर पायाखाली हीच खापरं लागतात, आणि लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या वस्तू कपाटांत बसलेल्या दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी भाजल्या, तेव्हापासून त्यांचा आकार काही बदललेला नाही. बदलणारही नाही. पक्केपणाची ही दुसरी बाजू गोष्टीत कोणी बोलून दाखवत नाही, पण ज्या गावात ती सांगितली जाते तिथल्या जमिनीतच ती आहे.

तगडा संघ हा असा भाजलेल्या मडक्यांचा असतो. मुंबईचा राहुल भेके २०२१ मध्ये मुंबई सिटीत आला, तेव्हा तो संघ आदल्याच मोसमात साखळीतली शील्ड आणि अंतिम करंडक दोन्ही घेऊन बसला होता. भेकेही काही साधा भरती झालेला गडी नव्हता. २०१९ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, डोक्यानं गोल करून त्यानं बेंगळुरूला इंडियन सुपर लीग जिंकून दिली होती. तगडा संघ, त्यात तगडा गडी. आणि पहिल्या मोसमात मुंबई कुठं? पाचवी. प्रशिक्षक बदललेला, जुनी घडी विस्कटलेली. जिंकलेला आकार तसाच्या तसा पुढं नेता येत नाही, हे त्या वर्षी दिसलं. पण त्याच मोसमाच्या शेवटी, ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला मुंबईनं २-१ असं हरवलं. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी गोल भेकेच्या डोक्याचा. पुढं २०२३ ची शील्ड आली आणि २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून करंडकही आला, तेव्हा कर्णधाराची पट्टी त्याच्याच दंडावर होती. बचावपटूला एक सोय असते म्हणा: संघात मुरताना तो फारसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गोल मारणाऱ्याचं तसं नाही. तो वाजतो.

नामदेवही वाजणाऱ्यांतला. त्याची आधीची कीर्ती लक्षात घेतल्याशिवाय थापटीचा आवाज नीट ऐकू येणार नाही. प्रत्यक्ष विठ्ठल त्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्याच्याशी बोलतो. आणखी काय हवं? अशा गड्याला कोण मधी उभं करणार? इथं गोष्टीची दुसरी खुबी आहे. बोट दाखवते ती मुक्ताई. मंडळींतली वयानं सगळ्यांत लहान. वडीलधाऱ्या गोरोबांनी आपण होऊन थापटणं उचललं असतं तर ती शिक्षा झाली असती. लहान पोरीनं खेळीमेळीत विचारलं म्हणून तो खेळ झाला. आणि चलाखी अशी की ती ‘त्याला’ म्हणत नाही, ‘आम्हाला’ म्हणते. आधी स्वतःचं डोकं पुढं करते. ज्या संघात सगळ्यांत धाकट्याला हे बोलायची मुभा असते आणि सगळ्यांत थोरला ते ऐकून उठतो, तो संघ तगडा. माझ्या हिशेबी हीच या गोष्टीतली सगळ्यांत देखणी जागा आहे, आणि कीर्तनात नेमकी तीच घाईनं उरकली जाते.

भाच्याला मी म्हटलं, अरे, आपल्या गोरोबाकाकांची गोष्ट आठव. तो म्हणाला, ‘मामा, डोक्यात हाणल्यावर कोणीबी ओरडंलच की. बाकीच्यांला आधीपासून माहीत होतं, म्हणून ते गप बसले.’

हे मला सुचलं नव्हतं. खरंच, मुक्ताईचा प्रश्न आणि काकांचं उठणं यात चौघा भावंडांना काही नवल वाटलेलं दिसत नाही. त्यांना आपसातली भाषा येते. नजरेनं कळतं. नामदेवाला मात्र कळत नाही की हे चाललंय काय. त्याचा कच्चेपणा भक्तीतला नाहीच कदाचित. या घोळक्याचा खेळ त्याला अजून यायचा आहे, इतकंच. खो-खोत पाटीवर बसलेला गडी कितीही चपळ असो, पाठीवर ‘खो’ मिळाल्याशिवाय त्याला उठता येत नाही. आधी उठला तर फाऊल. त्याचे पाय काय ते त्याचे, पण उठायची वेळ दुसऱ्याच्या हातात असते. गावाकडून आलेल्या माझ्या भाच्याला चेंडू मागायची सवयच नव्हती, कारण तिकडं तो कायम त्याच्याचकडं असायचा.

पुढं नामदेव काय करतो? तडक पंढरपूर गाठतो आणि विठ्ठलाकडं गाऱ्हाणं नेतो. थोडक्यात, थेट मालकाकडं. आणि मालक आपल्या लाडक्याची बाजू घेत नाही. ते म्हणतात ते बरोबरच आहे, असं सांगतो आणि त्याला औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं पाठवतो. आजच्या भाषेत लोनवर. कोणाही नावाजलेल्या खेळाडूनं तोंड वाकडं करावं असाच हा मुक्काम: देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून पडलेला. नामदेव म्हणतो, पाय काढा. म्हातारा म्हणतो, जिथं पिंड नाही तिथं तूच ठेव बाबा उचलून. नामदेव पाय उचलून जिथं जिथं ठेवतो तिथं तिथं पिंड निघते.

हा प्रसंग वेदान्ताचा म्हणून सांगतात. मला तो जागेचा वाटतो. नामदेवाचा देव एका विटेवर उभा होता. तीच जागा, तेच महाद्वार. त्या जागेवर त्याला तोड नव्हती, पण तो एका जागेचा गडी होता. विसोबांनी त्याला अख्खं मैदान दाखवलं. असाच एका जागेचा मोठा गडी २००९ मध्ये बार्सिलोनानं आणला होता, झ्लाटन इब्राहिमोविच. बदल्यात सॅम्युएल एटो इंटर मिलानला दिला, वर पैसेही मोजले. इब्राहिमोविचनं लीगमध्ये १६ गोल मारले, बार्सिलोनानं ९९ गुणांनी लीगही जिंकली. कामगिरी वाईट कोण म्हणेल? पण त्याला मधली जागा हवी होती आणि मेस्सी त्याच जागेकडं सरकत होता. वर्षभरात तो एसी मिलानला लोनवर गेला. आणि एटोच्या इंटरनं त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनालाच घरी पाठवलं होतं. थापटी बसली, आवाजही झाला. पण त्यानंतर पाय उचलून दुसरीकडं ठेवायची तयारी नव्हती. कोणाची, यावर अजून वाद घालता येतो. संघाचीही नसेल.

नामदेवाची होती. तो परतला आणि या मंडळींत असा मुरला की ज्ञानदेवांबरोबरच्या तीर्थयात्रेचे आणि १२९६ मधल्या आळंदीच्या समाधीचे अभंग त्याच्याच नावावर आहेत. ज्यांनी त्याला कच्चं ठरवलं त्यांचे शेवटचे दिवस आपल्याला दिसतात ते त्याच्याच डोळ्यांनी. पुढं तो पंजाबात घुमानपर्यंत गेला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदं आहेत. त्या ओळीतलं दुसरं कोणतंही मडकं इतकं लांब गेलं नाही.

मला वाटतं, तेरच्या लोकांनी ही गोष्ट तिच्या जोडगोष्टीसकट सांगायला हवी. भजनाच्या नादात पायाखालच्या चिखलात गोरोबांचं तान्हं तुडवलं गेलं. पुढं बायकोला हात लावायचा नाही ही शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले. आधी काय घडलं, थापटणं की हे, त्याचा ताळमेळ कोणी लावत बसत नाही; कथांना तिथी नसते. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक चित्र उभं राहतं. नामदेव कीर्तनाला उभा आहे. विठ्ठलनामाचा गजर होतो, सगळे हात वर करून टाळी देतात. गर्दीत काका उभे आहेत. हात नाहीत हे त्यांना त्या क्षणी आठवत नाही, तेही थोटे बाहू वर करतात. आणि टाळी वाजते.