मंदीत बांधलेलं महागडं कोर्ट

सेंट पॉलच्या डाउनटाउनमध्ये गेलात, तर रॅम्से काउंटीचं कोर्ट नक्की बघा. सिटी हॉलही याच इमारतीत आहे. १९३२ साली पूर्ण झालेली ही इमारत बाहेरून कोरडी वाटते. सरळ उभ्या रेषा, घुमट नाही की ग्रीक देवळासारखी खांबांची रांग नाही. शिकागोच्या होलाबर्ड अँड रूटने स्थानिक एलर्ब फर्मबरोबर ती आर्ट डेको शैलीत बांधली. मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींमुळे ही शैली तुमच्या ओळखीची असेल.

आत मात्र वेगळाच थाट आहे. मेमोरियल हॉल तीन मजले उंच आहे आणि त्याच्या भिंती गडद निळ्या बेल्जियन संगमरवराच्या आहेत. ऐन मंदीत एवढा पैसा आला कुठून?

पैसा आधीच मंजूर झाला होता. १९२९ची पडझड व्हायच्या आत ४० लाख डॉलरची तरतूद झाली होती. मग सामान आणि मजुरी दोन्ही स्वस्त झाली आणि तेवढ्याच पैशात उंची दगड, लाकूड, कलाकुसर परवडली. लोकांना त्यातून काम मिळालं, हे खरंच. पण तो हॉल इतका देखणा होऊ शकला, कारण बाहेर माणसाच्या श्रमाचा भाव पडला होता. इमारत हे कुठेच सांगत नाही. माझ्या मते तिची खरी उणीव हीच.

हॉलच्या टोकाला कार्ल मिलेसने घडवलेली ३६ फुटी, पांढऱ्या ऑनिक्सची मूर्ती आहे. शांतीचा पाइप ओढणारे मूळनिवासी आणि धुरातून वर येणारी देवता. साठ टनांची ही मूर्ती सावकाश वळते. आधी तिच्या नावात 'इंडियन' होतं. १९९४ मध्ये ते बदलून 'व्हिजन ऑफ पीस' केलं. गंमत बघा, इथे मूळनिवासी शांतीचं प्रतीक आहेत, आणि त्याच इमारतीत कौन्सिलच्या सभागृहातल्या जॉन नॉर्टनच्या भित्तिचित्रांत गोरे पुरुष प्रचंड मोठे आणि मूळनिवासी त्यांच्या पायाशी छोटे. बऱ्याच वर्षांच्या तक्रारींनंतर अलीकडे त्या चित्रांसमोर नवी चित्रं लावली गेली.

मला हा मार्ग पटतो. जुनं फोडलं नाही, पण त्याला एकट्याने बोलूही दिलं नाही. मजुरांच्या बाबतीतही असंच काही व्हायला हवं. निदान निळ्या भिंतीशेजारी एक साधी पाटी: हा दगड एवढा स्वस्त का मिळाला.