शितावरून भाताची परीक्षा, पण किती शितांवरून?

२०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात संभाव्यता हे पाचवे प्रकरण आणि सांख्यिकी हे सहावे. दोन्ही शेजारी शेजारी आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही. पाचव्यात नाणी, फासे, पत्ते. सहाव्यात मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वृत्तालेख. विद्यार्थी सारणीवरून मध्य बिनचूक काढतो आणि गुण मिळवतो. हाती असलेल्या माहितीचे असे वर्णन करणे ही वर्णनात्मक सांख्यिकी. थोडे पाहून न पाहिलेल्याविषयी किती खात्रीने बोलता येते, हा अनुमानात्मक सांख्यिकीचा प्रश्न मात्र तेथे निघतच नाही. परभणी जिल्ह्यात ही उणीव केवळ अभ्यासक्रमापुरती राहत नाही. येथील शेतकऱ्याची पीक विम्याची भरपाई याच प्रश्नावर ठरते.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. आपल्याकडे सोयाबीनसारख्या मुख्य पिकासाठी महसूल मंडळ हा घटक धरतात. मंडळातील काही शेते यादृच्छिक पद्धतीने निवडायची, प्रत्येकात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे हेक्टरी उत्पादन ठरवायचे. हाच पीक कापणी प्रयोग. मूळ मार्गदर्शक सूचनांत मंडळामागे किमान १० प्रयोग सांगितले होते. ही सरासरी उंबरठा उत्पादनापेक्षा जितके टक्के कमी, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई. २०२५ च्या खरिपात राज्याने स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान अशा स्वतंत्र जोखमी वगळल्या आणि उत्पादनाच्या अंदाजावरच सारी भिस्त आली. (काही पिकांत उपग्रहाच्या साहाय्याने काढलेला अंदाजही त्यात मिसळतात, पण तोही अंदाजच.)

‘दहा तुकड्यांवरून हजारो हेक्टर कसे कळणार?’ असा आक्षेप पारावर हमखास ऐकू येतो. तो नेमका चुकीच्या जागी बोट ठेवतो. शितावरून भाताची परीक्षा होते, भांडे केवढेही असो. अट एवढीच की भात सारखा शिजलेला हवा. शेते तशी नसतात. म्हणून शिते अनेक घ्यावी लागतात आणि ती आपल्या मर्जीने निवडायची नसतात.

किती अनेक? आपण कल्पित आकडे घेऊ. दहा तुकड्यांवरून हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असे आले: १४, ६, ११, ९, १५, ५, १२, ८, १३, ७. मध्य १०. प्रमाण विचलन सुमारे ३.५. त्याला १० च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी मिळते, सुमारे १.१. दहा निरीक्षणांसाठी तिला २.२६ ने गुणायचे, येतात २.५. म्हणजे मंडळाची खरी सरासरी ७.५ ते १२.५ च्या दरम्यान असावी. अशा रीतीने काढलेल्या १०० मर्यादांपैकी सुमारे ९५ मध्ये ती सापडते.

आता उंबरठा १२ आणि विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरा. सरासरी १० मानली तर भरपाई ८,३३३ रुपये. खरी सरासरी ७.५ असेल तर १८,७५० मिळायला हवे होते, १२.५ असेल तर काहीच नाही. शेतकऱ्याला मात्र ‘१०’ हा एकच आकडा सांगितला जातो. त्याच्यासोबत प्रमाण त्रुटी का छापू नये? गणित नववी-दहावीच्या मुलाला झेपेल एवढेच आहे. त्रुटी निम्मी करायची तर प्रयोग चौपट लागतात, हेही मग लोकांना कळेल आणि खर्चाची चर्चा उघडपणे करता येईल.

प्रयोग वाढवून न जाणारी चूकही असते. साताऱ्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांनी १९४० च्या दशकात हे दाखवून दिले. बंगालमध्ये महालनोबिस लहान आकाराचे तुकडे कापून घेत. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड लांब होते. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशा वेळी हात नकळत आत घेण्याकडे झुकतो आणि उत्पादन फुगते. हजार तुकडे घेतले तरी फुगवटा तसाच. सुखात्म्यांनी मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला. विम्यात असा फुगवटा सरळ शेतकऱ्याच्या भरपाईतून वजा होतो. म्हणून दोरी कशी धरली, तुकड्याची जागा आकड्यांवरून ठरली की रस्त्याजवळची सोयीची घेतली, हे पाहायला गावकऱ्यांनी बांधावर हजर असणे फार मोलाचे.

‘माझे सगळे गेले, तरी मंडळाची सरासरी चांगली’ ही तक्रार निराळी. सरासरी अगदी अचूक असली तरी ती राहते, कारण सरासरी कोणत्याही एका शेताचे वर्णन नसते. जिंतूरच्या माळावरची हलकी जमीन आणि गंगाखेडची गोदाकाठची काळी यांचा एक आकडा कोणी मागणार नाही; पण एकाच मंडळातही माळ आणि काळी दोन्ही असू शकतात. घटक लहान करा, मंडळाऐवजी गाव धरा, ही मागणी त्यातूनच येते आणि ती रास्त आहे. मात्र त्याच सूचनांत मुख्य पिकासाठी गावामागे किमान प्रयोग ४ च होते. पसारा तेवढाच राहिला तर प्रमाण त्रुटी १.१ वरून १.७५ वर जाईल. गावातल्या गावात पसारा कमी असेल तर ती एवढी वाढणार नाही. तो किती कमी असतो, हे प्रत्येक मंडळाचे आणि गावाचे प्रमाण विचलन छापून आले तरच कोणाला सांगता येईल.