रोजच्या हरण्याचे साहित्य

बेसबॉलविषयीचे अमेरिकन ललित लेखन वाचू लागले की एक गोष्ट लगेच जाणवते. त्यात जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांची गर्दी जास्त आहे, आणि त्याहून मोठी गर्दी आहे हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांची. न्यूयॉर्क यांकीज हा या खेळातला सर्वांत यशस्वी संघ. पण त्याच्या चाहत्याची निष्ठा हा साहित्याचा विषय क्वचितच झाला. ब्रुकलिन, बॉस्टन, शिकागो या गावांच्या पराभवांवर मात्र कपाटे भरतील इतके लिहिले गेले. या लेखनाचे कौतुक करताना समीक्षक ते सगळे एकाच माळेत ओवतात: पराभव, निष्ठा, आशा. माझे म्हणणे असे की या माळेत दोन वेगळ्या जातीचे मणी आहेत, आणि ते वेगळे न केल्यामुळे या साहित्याने चाहत्याचे थोडे नुकसानच केले आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी आधी एक खुलासा. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम एप्रिलच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. आज एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. उत्तम संघही त्यातले साठेक हरतो. वाईट संघ शंभराच्या वर हरतो. म्हणजे वाईट संघाच्या चाहत्याचा पराभव हा एखाद्या विश्वचषकातल्या अंतिम सामन्यासारखा काळजात घुसणारा नसतो. तो रोजच्या वर्तमानपत्रासारखा दारात येऊन पडतो.

आता या साहित्यातला सर्वांत गाजलेला विलाप पाहू. बार्ट जियामाती हे येल विद्यापीठातले, युरोपीय प्रबोधनकाळाच्या साहित्याचे प्राध्यापक. बॉस्टन रेड सॉक्सवरचा त्यांचा ‘द ग्रीन फील्ड्स ऑफ द माइंड’ हा छोटा निबंध १९७७चा. हंगामाचा शेवटचा दिवस, ऑक्टोबरची चाहूल, रेडिओवरचा आवाज आणि हातातून निसटलेले अजिंक्यपद यांतून ते ऋतूंचे, वार्धक्याचे, माणसाच्या नश्वरतेचे चिंतन उभे करतात. गद्य देखणे आहे यात वाद नाही. पण त्या वर्षी रेड सॉक्सने ९७ सामने जिंकले होते! पराभवावरचा सर्वांत उद्धृत होणारा निबंध ज्या संघावर आहे तो त्या हंगामात हरलेल्यांपेक्षा ३३ सामने जास्त जिंकलेला आहे. ही थोडक्यात हुकण्याची शोकांतिका आहे. तिला उंची असते, शेवट असतो, म्हणून तिच्यावर निबंध लिहिता येतो. रोज हरण्याला यांतले काहीच नसते.

(जियामाती पुढे १९८९मध्ये साऱ्या व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्त झाले आणि त्याच वर्षी, पद घेतल्यावर पाच महिन्यांत वारले. आयुक्ताची निवड संघमालक करतात. निबंधातला चाहता आणि मालकांनी निवडलेला आयुक्त एकाच देहात कसे नांदले असते हे पाहायला मिळाले नाही, याची मला हळहळ वाटते.)

ब्रुकलिन डॉजर्सचे साहित्यही मुळात हुकण्याचेच. १९४१ ते १९५३ या काळात हा संघ पाच वेळा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला आणि पाचही वेळा यांकीजकडून हरला. ‘पुढच्या वर्षी बघू’ ही ब्रुकलिनची आरोळी. तीच डोरिस कर्न्स गुडविन यांच्या आठवणींचे शीर्षक झाली: ‘वेट टिल नेक्स्ट इयर’, १९९७. गुडविन या अध्यक्षांच्या चरित्रकार म्हणून प्रसिद्ध. पण मला त्यांचे हे घरगुती पुस्तक अधिक मोलाचे वाटते, आणि ते एका वहीमुळे. सहा वर्षांच्या मुलीला वडील धावफलकाची वही भरायला शिकवतात. दुपारी ती रेडिओ ऐकत एकेक चेंडूची नोंद करते आणि संध्याकाळी वडील कामावरून आले की सारा सामना त्यांना सांगते. वर्तमानपत्रात सगळे छापून येते हे वडिलांनी तिला सांगितलेलेच नसते. आपण सांगितले नाही तर बाबांना काही कळणार नाही, अशी तिची समजूत. निकाल आधी सांगून टाकला तर ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, हे तिला त्या वहीने शिकवले. निष्ठा म्हणजे काय, याचे इतके साधे उत्तर या साहित्यात दुसरीकडे मिळत नाही. संघ हरला तरी संध्याकाळी कुणाला तरी नीट सांगायचे असते, म्हणून पाहायचे.

शीर्षक वाचून मराठी कानाला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ आठवावे हे साहजिक आहे. फरक इतकाच की गणपती परत येतो. ब्रुकलिनचा संघ १९५५मध्ये एकदाचा जिंकला आणि १९५७चा हंगाम संपल्यावर मालकाने तो उचलून लॉस एंजेलिसला नेला. न्यूयॉर्कचा दुसरा संघ, जायंट्स, त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोला गेला. गुडविन यांच्या पुस्तकात या स्थलांतराच्या पाठोपाठच आईचा मृत्यू येतो, आणि दोन्ही गोष्टी मिळून बालपण संपते. रॉजर कान यांचे ‘द बॉइज ऑफ समर’ याच संघावरचे, आणि त्याची कीर्ती मोठी. पण ते म्हातारे होत चाललेल्या खेळाडूंचे पुस्तक आहे, चाहत्यांचे नव्हे.

दुसऱ्या जातीचा मणी सापडतो तो १९६२मध्ये. पोरक्या झालेल्या न्यूयॉर्कला मेट्स नावाचा नवा संघ मिळाला. पहिल्याच हंगामात तो ४० जिंकला आणि १२० हरला. त्या वर्षी रॉजर एंजेल हे ‘न्यूयॉर्कर’चे कथासंपादक जायंट्सच्या जुन्या मैदानावर जाऊन बसले. पळून गेलेले दोन्ही संघ पाहुणे म्हणून आले होते. मेट्स सगळे सामने हरले. एंजेल यांनी खेळाइतकेच कान गर्दीकडे लावले आणि ‘द “गो!” शाउटर्स’ हा निबंध लिहिला. संघ भरपूर मागे पडला असतानाही ‘चला मेट्स’ ही आरोळी का वाढत जाते, हा त्यांचा प्रश्न. यांकीजची निर्दोषता सामान्य माणसाला परकी वाटते, धडपडणारा आपला वाटतो, या दिशेने ते जातात. पण निबंधातला खरा ऐवज मला त्या उत्तरात दिसत नाही, बसलेल्या लोकांत दिसतो. ते हरण्यावर भाळलेले नव्हते. आपल्या गावाला पुन्हा एक संघ मिळाला आहे, एवढ्यावर ते ओरडत होते. त्या हंगामात ९ लाख २२ हजार ५३० प्रेक्षक आले.

पुढच्याच वर्षी जिमी ब्रेस्लिन यांचे ‘कान्ट एनीबडी हिअर प्ले धिस गेम?’ आले आणि मेट्सचे हसू करून गेले. थ्रोनबेरी हा खेळाडू चेंडू लांब मारून तिसऱ्या बेसपर्यंत धावतो आणि पहिल्या बेसला पायच लावला नाही म्हणून बाद ठरतो. दुसराही चुकवला होता म्हणतात. हा किस्सा साठ वर्षे सांगितला जातोय आणि अजून हसू येते. पण या हसण्यातून एक गोड कल्पना रूढ झाली: वाईट संघावर प्रेम करणे हा काहीसा मजेशीर, पवित्र वेडेपणा आहे, आणि हरणे हीच त्याची गंमत.

ही गोडी हारुकी मुराकामी यांनी जपानी पद्धतीने सौम्य केली. याकुल्ट स्वॅलोजवरची त्यांची कथा ‘फर्स्ट पर्सन सिंग्युलर’ या संग्रहात आहे. निवेदक या दुबळ्या संघाच्या मैदानावर तरुणपणापासून जातो, रिकाम्या स्टँडमध्ये बिअर पितो, आणि हरायचे कसे हे आपण तिथे शिकलो असे सांगतो. शेवटी बिअर विकणारा मुलगा आपल्याकडे काळीच बिअर आहे म्हणून दिलगिरी व्यक्त करतो. रोजच्या हरण्याचा कंटाळा आणि त्यातली सोबत इतक्या हलक्या हाताने क्वचित कुणी टिपली असेल. मात्र इथे एक गोष्ट गृहीत आहे: संघ हरेल, पण कुठे जाणार नाही.

ते गृहीत नसेल तर? २०२३मध्ये ओकलंड अॅथलेटिक्स ११२ सामने हरले. जिंकले ५०, म्हणजे मेट्सपेक्षा दहा जास्त. पण हंगामभरातले प्रेक्षक ८ लाख ३२ हजारच. खेळाडूंवरचा खर्च सगळ्या संघांत सर्वांत कमी होता, चांगले खेळाडू एकेक करून दुसरीकडे पाठवले गेले होते, आणि मालक जॉन फिशर संघ लास व्हेगासला न्यायच्या खटपटीत होते. मेट्स नवखे म्हणून हरले. ओकलंडचे हरणे आस्थापनेच्या हिशेबात बसत होते. रिकामे स्टँड पाहा, या गावाला संघ नको आहे, असे मग म्हणता येते. अशा वेळी ‘हरलो तरी आमचाच’ ही साहित्याने गौरवलेली निष्ठा चाहत्याला दोन्हीकडून अडकवते. तिकीट काढून गेला तर मालकाची भर, घरी बसला तर मालकाचा पुरावा.

१३ जून २०२३ रोजी ओकलंडच्या चाहत्यांनी या पेचातून वाट काढली. बहिष्काराच्या उलट, सगळ्यांनी एकाच संध्याकाळी मैदानात यायचे. २७ हजार ७५९ आले. अंगात हिरवे शर्ट, त्यावर इंग्रजीत एकच शब्द, ‘विका’. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला पहिला फलंदाज उभा राहिला तेव्हा सारे मैदान ठरवून गप्प बसले, आणि मग एकदम संघ विकून टाकण्याची घोषणा उठली. सामना ओकलंडने २-१ जिंकला.

त्या शर्टावरचा शब्द मी या परंपरेतली संहिता म्हणूनच वाचतो, आणि जियामातींच्या निबंधाशेजारी ठेवतो. निबंधात पराभव ऋतूसारखा येतो, त्याला कर्ता नाही. शर्टावरचे क्रियापद आज्ञार्थी आहे आणि ते कुणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. एंजेल यांनी ऐकलेली ‘चला’ हीसुद्धा आज्ञाच होती, खेळाडूंना केलेली. एकसष्ट वर्षांनी तिचा रोख मैदानावरून मालकाच्या कक्षाकडे वळला. प्रेम तेच राहिले, त्याचे व्याकरण बदलले.

त्याच दिवशी नेवाडा राज्याच्या सिनेटने लास व्हेगासच्या नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीला मान्यता दिली. नोव्हेंबरात इतर मालकांनी स्थलांतर एकमताने मंजूर केले. २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडमधल्या शेवटच्या सामन्याला ४६ हजार ८८९ लोक आले. संघ ३-२ असा जिंकला. लास व्हेगासचे मैदान होईपर्यंत तो सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानावर खेळतो आहे. तिथे त्याचे अधिकृत नाव नुसते ‘अॅथलेटिक्स’ आहे. पुढे कोणत्याही गावाचे नाव लावलेले नाही.