लक्ष्मीबाईंचें उणेपण

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयीं मराठींत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर घालण्यापूर्वीं कोणीही थोडें थबकावें हेंच बरें. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेलें हें आत्मचरित्र मराठी गद्याच्या मोजक्या अव्वल ग्रंथांपैकीं एक आहे, याबद्दल रसिकांत दुमत नाहीं. त्यांतील विनोद, त्यांतील घरगुती बोली, टिळकांच्या लहरी, बालकवि ठोंबऱ्यांच्या आठवणी यांची तारीफ सर्वांनींच केली आहे आणि ती यथार्थ आहे. परंतु या तारिफेंत एक प्रश्न बहुधा विचारला जात नाहीं. जिला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, जिचें अर्धें आयुष्य ‘आपल्याला काय कळतें?’ या भावनेंत गेलें, ज्या घरांत कवींची ऊठबस त्या घरांत जी चुलीपुढें बसली, त्या बाईला ‘मी’ म्हणून लिहिण्याचा धीर आला तरी कोठून?

या प्रश्नाचीं दोन उत्तरें आमच्या ऐकिवांत आहेत. एक आजच्या सुशिक्षित वाचकाचें. त्याच्या मतें ही एका करारी स्त्रीची कथा आहे. तिनें स्वतःची शक्ति ओळखली, आत्मविश्वास मिळविला. बाप्तिस्मा, प्रार्थना, भजन हें सारें त्या कथेभोंवतीं त्या काळानें गुंडाळलेलें फडकें. तें सोडून बाजूस ठेवलें तरी आंतील वस्तु शाबूत राहते. दुसरें उत्तर भाविक ख्रिस्ती वाचकाचें. त्याच्या मतें १९०० सालीं बाईंनीं बाप्तिस्मा घेतला, अंधार गेला, उजेड आला. यापुढें बोलावयाचें काय राहिलें? पहिल्याला धर्म दिसत नाहीं, दुसऱ्याला बाई दिसत नाहीं. ग्रंथ शांतपणें वाचणाऱ्यास मात्र या दोन्ही उत्तरांनीं समाधान होणार नाहीं.

प्रथम हें उणेपण आलें कोठून तें पाहिलें पाहिजे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचें आडनांव गोखले. वडिलांना सोवळ्याचें वेड होतें, आणि वेड हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजीत नाहीं. धुण्याजोगी असो वा नसो, बाहेरून आलेली वस्तु धुतल्याखेरीज घरांत घ्यावयाची नाहीं, असा त्यांचा खाक्या. अशा घरांत मुलीला न बोलतां मिळणारा पहिला धडा हा कीं, तूं मुळांतच विटाळलेली आहेस आणि कितीही पाणी ओतलें तरी तें पुरेसें व्हावयाचें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं या आठवणी इतक्या हंसत सांगितल्या आहेत कीं, वाचकही हंसत पान उलटतो. त्या हंसण्याखालीं एक भेदरलेली पोर अंग चोरून बसली आहे हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

पुढें अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालें तेंही नारायण वामन टिळकांशीं. शीघ्रकवि, फर्डे वक्ते, मनानें उदार, रागानें जमदग्नि. बाजारासाठीं दिलेला पैसा भलत्याच वस्तूंत घालवून यावयाचे आणि मनांत येईल तेव्हां घर सोडून निघून जावयाचे. असा नवरा बायकोला छळतो असें म्हणवत नाहीं, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो. पण तो जवळ असतांना ती आपोआप लहान होते. बापानें तिला पाण्यानें मोजलें, नवऱ्यानें नकळत बुद्धीनें मोजलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां या मोजमापांत तिसऱ्याची भर पडली. नवरा जिवंत असून ती धड सवाष्ण नाहीं, धड विधवा नाहीं. जवळजवळ पांच वर्षें नाशिक, पंढरपूर अशीं आप्तेष्टांच्या आधारानें काढलेलीं तीं वर्षें म्हणजे या ग्रंथांतील काळोखाचा भाग होय. येथें विनोद विरळ होतो, आणि तो विरळ होऊं दिला हा लेखिकेचा प्रामाणिकपणा.

यानंतर येणारा एक प्रसंग आमच्या मतें साऱ्या ग्रंथाचा कणा आहे. लक्ष्मीबाई पुन्हां टिळकांकडे आल्या आहेत. पण त्यांचें सोवळें, त्यांचा स्वयंपाक, त्यांचें पाणी वेगळें आहे. महाबळेश्वरीं असतांना एके दिवशीं त्यांच्या मनांत विचार येतो कीं, हा जातीजातींतला भेद देवानें केला कीं माणसांनीं? विचाराअंतीं त्यांची खात्री होते कीं तो माणसांनींच केला. आणि तेथून पुढें कोणाच्याही हातचें खावयाप्यावयाचें असें त्या ठरवितात. बाप्तिस्मा अजून व्हावयाचा आहे. विचार त्यांचा त्यांनींच केलेला आहे, आणि तो सांगितलाही आहे किती साधेपणानें! एखाद्या आधुनिक कादंबरीकारानें येथें वादळवारा सुटलेला दाखविला असता.

हा प्रसंग सामाजिक सुधारणेचा म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. तसा तो आहेच. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचें पाणी निर्मळ आहे असें जी मनापासून मानूं लागते, तिला तोच न्याय आज ना उद्यां स्वतःला लावावा लागतो. जन्मानें कोणी विटाळलेलें नसेल तर जलालपूरची ती पोरही विटाळलेली नव्हती. शुद्धता ही धुऊन धुऊन मिळवावयाची वस्तु नसून ती देणाऱ्यानें आधींच देऊन ठेवली आहे, हा ख्रिस्ती धर्मांतील कृपेचा सिद्धांत. पंडितांनीं त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. लक्ष्मीबाईंना तो पाण्याच्या घागरीपाशीं उमगला. बाप्तिस्म्यालाही पाणीच लागतें. परंतु तें एकदांच घ्यावयाचें असतें. ज्या मुलीचें बालपण न संपणाऱ्या धुण्यांत गेलें तिला या ‘एकदांच’ शब्दांत केवढा विसांवा सांपडला असेल, याची कल्पना जन्मानें ख्रिस्ती असलेल्या वाचकास सहसा यावयाची नाहीं.

येथें आत्मविश्वासवाद्यांशीं आमचा मतभेद आहे तो स्पष्ट करूं. स्वतःविषयीं साशंक असलेल्या माणसाला आपण सामान्यतः सांगतों कीं, ‘अरे, तूं समर्थ आहेस.’ बायबलांतील रीत निराळी आहे. मोशेला पाचारण होतें तेव्हां आपली जीभ जड आहे अशी सबब तो पुढें करतो; यिर्मया म्हणतो मी केवळ पोर आहें. यांपैकीं कोणालाही ‘तुझें म्हणणें खोटें आहे’ असें उत्तर मिळत नाहीं. मोशेची जीभ हलकी झाल्याचें तेथें सांगितलेलें नाहीं. बोलावयास भाऊ सोबत दिला जातो, आणि जावें मात्र त्यालाच लागतें. पौलानें आपल्या देहांतील शल्य निघावें म्हणून तीनदां विनंती केली. तें निघालें नाहीं, कृपा पुरेशी आहे एवढेंच त्याला सांगण्यांत आलें. तुझी शंका खरी आहे, तूं अपुराच आहेस, आणि तरीही ऊठ, असा हा व्यवहार आहे. यांत खुशामत नाहीं, म्हणूनच तो टिकतो. खुशामतीनें आलेला धीर पहिल्या अपयशासरशीं ओसरतो.

आमच्या संतवाङ्मयांत हा सूर अनोळखी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें टिळक सांगत असत, आणि आपलें उणेपण देवापुढें उघडें करण्यांत तुकोबांचा हात धरणारा कोण आहे? ज्ञानेश्वरांनींही ग्रंथारंभीं स्वतःला चोंचीनें सागर मोजूं पाहणारी टिटवी म्हटलें आहे. पण ज्ञानेश्वरांची टिटवी ही विनयाची टिटवी. वाचकाला ठाऊक असतें कीं, हा पक्षी सागर पिऊन बसला आहे. लक्ष्मीबाई खरोखरीच टिटवी होत्या. शुद्धलेखनाशीं त्यांचें शेवटपर्यंत जमलें नाहीं, शास्त्राभ्यास नाहीं, काव्यशास्त्र नाहीं. म्हणून ‘मला येत नाहीं’ हें वाक्य त्या जेव्हां उच्चारतात तेव्हां तो शिष्टाचार नसतो, ती वस्तुस्थिति असते. आणि तें उच्चारतांना त्यांचा चेहरा पडत नाहीं, हा खरा पालट.

एक आक्षेप येथें संभवतो, आणि तो हलका नाहीं. स्त्रीनें स्वतःस उणें मानावें हें समाजाच्या नेहमींच सोयीचें असतें. मग त्याला धर्माचा टिळा लावून तुम्ही काय साधतां? याला उत्तर ग्रंथानेंच दिलें आहे. उत्तरार्धांतील लक्ष्मीबाई टिळकांपुढें दबत नाहींत. त्या वाद घालतात, अडून बसतात, टिळकांची फजिती झाली तर ती मनमुराद रंगवितात. देवापुढें दोघेही अपुरे, मग एकानें दुसऱ्याची मोजपट्टी होण्याचें कारण उरत नाहीं. टिळकांचें मोठेपण त्या नाकारीत नाहींत, पण तें त्यांना आतां बोंचत नाहीं. १९१७ सालीं टिळकांनीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ति पत्करली, तेव्हां संसाराची ओढाताण पुन्हां बाईंच्याच वाट्यास आली. पण १८९५ सालची असहाय बाई येथें दिसत नाहीं. हा फरक नुसत्या वयानें पडला असें म्हणणें आम्हांस कठीण वाटतें. अर्थात् पांच वर्षांच्या ताटातुटीनेंही त्यांना पुष्कळ शिकविलें. श्रद्धेच्या खात्यावर सर्वच जमा करणें न्यायाचें होणार नाहीं.

आतां लेखनाकडे वळूं. टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचें चरित्र लिहावें असें चिरंजीव देवदत्तांच्या मनांत आलें आणि त्यांनीं आईला आठवणी लिहून द्यावयास सांगितलें, हें ‘स्मृतिचित्रां’चें मूळ. म्हणजे बाई लिहावयास बसल्या त्या ग्रंथकर्त्री म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. आमच्या मतें ग्रंथाच्या यशाचें अर्धें रहस्य येथें आहे. साक्षीदाराला आपली योग्यता सिद्ध करावयाची नसते. पाहिलें तें सांगितलें कीं त्याचें काम झालें. आपली प्रतिमा उजळण्याची धडपड ज्या आत्मचरित्रांना ग्रासते, तिचा येथें मागमूस नाहीं. स्वतःची फजिती त्या दुसऱ्या कोणाची असावी तशा अलिप्तपणें सांगतात. उत्तरभागांत प्रसंगांची गर्दी होते आणि पूर्वभागाचा भरीवपणा थोडा पातळ होतो, हेंही येथेंच नमूद करावयास पाहिजे.

या ग्रंथाचें जोसेफिन इंक्स्टर यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९५० सालीं प्रसिद्ध झालें. शांता गोखले यांचें अलीकडचें, २०१७ सालचें. इंक्स्टरबाईंनीं आपल्या पुस्तकाला नांव दिलें ‘आय फॉलो आफ्टर’. वरवर पाहतां नवरा पुढें गेला आणि बायको मागाहून गेली, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेवढाच घेऊन कित्येकांनीं नाकें मुरडलीं असतील. पण हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलांत फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत आहेत, आणि तेथें नवराबायकोचा संबंध नाहीं. मला अजून सारें लाभलेलें नाहीं, मी अजून पूर्ण झालेलों नाहीं, तरी मागें लागलों आहें, असा तेथील आशय. नांवाचा हा दुसरा अर्थ ध्यानांत घेतला कीं, तें या आत्मचरित्रास किती चपखल बसतें हें दिसून येईल.

राहतां राहिलें ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्तचरित्रावरील हें ओवीबद्ध काव्य टिळकांनीं आरंभिलें आणि सुमारें दहा अध्यायांनंतर तें थांबलें. तें पुढें चालविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. अंगावर घेतलें हा शब्दप्रयोग येथें अगदीं अक्षरशः घ्यावा. पांचसहा नव्हे, साठांहून अधिक अध्याय त्यांनीं रचले. काव्य म्हणून हें ‘स्मृतिचित्रां’च्या पासंगालाही पुरणार नाहीं, असें आमचें प्रामाणिक मत आहे. शुभवर्तमानांतील कथा बाईंना इतकी पूज्य वाटते कीं, त्यांची नेहमींची खट्याळ नजर तेथें खालीं झुकते, आणि झुकलेल्या नजरेला तपशील दिसत नाहीं. पण ज्या कवीपुढें आयुष्यभर आपण कःपदार्थ वाटलों, त्याच्याच अर्ध्या राहिलेल्या ओळीखालीं आपली ओळ लिहावयास जें लागतें तें काव्यगुणांच्या यादींत सांपडणारें नव्हे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या तेव्हां हा ग्रंथही अपुराच होता. शेवटचा अध्याय देवदत्तांनीं लिहिला, आणि १९३८ सालीं तो छापून निघाला. टिळकांची संस्कृत वळणाची ओवी संपून बाईंची घरगुती ओवी कोठें सुरू होते, हें थोडा सराव असलेल्या वाचकास लगेच कळतें. तो सांधा लपविण्याची खटपट त्यांनीं केलेली नाहीं.